मागून वाचणारे सर

आमचे सर कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचायचे. अध्यक्षांचा हसरा फोटो, चढते आलेख, सगळं ओलांडून थेट मागच्या बारीक टिपांवर. "पुढच्या पानार कंपनी बोलता, मागच्या पानार कबूल करता," म्हणायचे.

मालवणच्या कॉलेजात ते हिशेबशास्त्र शिकवत. वर्गात शुद्ध मराठी, चहाच्या टपरीवर मालवणी. उभं आयुष्य एकाच गोष्टीवर संशोधन केलं: कंपन्या दाखवतात त्यातला नफा खरा किती? "नफो आसा, तर पैसे खंय आसत?" हा त्यांचा लाडका प्रश्न. देवबागच्या एका पोराने घरच्या होमस्टेला भरघोस नफा झाल्याचं सांगितलं, तर सर म्हणाले, "मगे चायचे पैसे तूच दी." पोराचे खिसे रिकामे निघाले.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. काजूप्रक्रिया कंपन्यांचे ताळेबंद आम्ही चार वर्षं चाळले. दर एकतीस मार्चला कागदावर नफा आणि बँकेत खडखडाट. मालाचा साठा खोटा दाखवून नफा फुगवलाय, असा निष्कर्ष काढून दोघांच्या नावाने शोधनिबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. त्यावर सरांची प्रोफेसरपदाची बढती अडली होती आणि माझी नोकरीसुद्धा.

ज्यांच्यावर लिहिलं त्यांना छापण्याआधी दाखवायचं, हा सरांचा नेम. म्हणून आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. कारखान्याच्या मालकीणबाईंनी निबंध शांतपणे वाचला आणि आम्हाला गोदामात नेलं. छतापर्यंत काजूबियांची पोती.

"सर, मार्चात काजी येवक लागतत. होते नव्हते ते पैसे घालून आमी बियो घेतव. मगे बँकेत काय रवतला?"

सर स्वतः काजूच्या बागेत वाढलेले. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "आणि मी लोकांची लबाडी शोधतंय!"

प्राचार्यांनी समजावलं, "छापून येऊ द्या हो, कोण वाचतंय?" सरांनी त्याच दिवशी निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी भयंकर चिडले. वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. महिन्यामहिन्याचे आकडे गोळा करून प्रबंध नव्याने लिहिला, त्यात दोन वर्षं गेली. सर बढतीविनाच निवृत्त झाले.

गेल्या वर्षी ते आजारी असताना मी भेटायला गेले. सर बराच वेळ आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले, मग एकदम म्हणाले, "माजी बढती गेली, तेचा काय नाय गो. तुजो निबंध गेलो, ता मात्र माका अजून लागता."

इतकी वर्षं मला वाटत होतं, पत्र पाठवताना माझा विचार त्यांच्या मनात आलाच नसेल. पंधरा दिवसांनी सर गेले.

आता माझ्याही हाताखाली विद्यार्थी आहेत. सर, तेव्हा तुमच्या जागी मी असते तर ते पत्र पाठवलं नसतं. आज पाठवीन.