आप्पांची जीभ आणि दोन ससे

आमच्या आप्पांचा धंदा जिभेवर चालायचा. ते वकील नव्हते की कीर्तनकार, सूत रंगवायचे. बुऱ्हाणपुरातल्या विणकरांचं सूत आमच्या अंगणातल्या हौदात बुडायचं आणि पाण्यात खार नेमका पडला की नाही, हे आप्पा बोट बुडवून, जिभेला लावून ठरवायचे. आजोबाही असेच चाखायचे, पण त्यांच्या वेळी सौम्य साजीखार असे. आप्पांच्या काळात डब्यातलं कॉस्टिक आलं. ते कितीतरी जहाल. चाखायची रीत मात्र तीच राहिली.

त्यामुळे आप्पांचं तोंड कायम आलेलं असे. आई जाईचा पाला वाटून तुपात कालवून द्यायची. भाजी जरा तिखट झाली की त्यांचे डोळे भरायचे आणि आम्ही पोरं खुदूखुदू हसायचो. ते हसू आठवलं की आज घास गिळवत नाही.

नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो, त्या सुमाराची ही गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरला डॉक्टरकी शिकत होता. सुटीत टोपलीतून दोन ससे घेऊन आला.

"राज्य बदललं तं आता सशे बी शाळेत घेतात का?" आप्पांनी विचारलं.

दादा हसला नाही. त्याला आप्पांचं चाखणं बंद करायचं होतं, आणि सांगून काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. डोळ्यांनी दिसलं तर ऐकतील, असं त्याला वाटलं. गुंगी देऊन त्याने दोन्ही सशांच्या ओठाला आतून हौदातल्या पाण्याचा कापूस टेकवला. आधी पांढरा डाग पडला, मग तिथे व्रण झाला. एकाला आईचं पाला-तूप लावायचं, दुसऱ्याला काहीच नाही, असं ठरलं. त्यांना कोवळं गवत चारायचं काम माझ्याकडे आलं.

पण आप्पा रोज चाखत, म्हणून सशांनाही रोज पोळवायला हवं होतं. रोज पोळलं की औषध लावूनही जखम भरत नाही, हेच तर दादाला दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कापूस भिजवला तेव्हा आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"बस झालं. एक डाव केलं, ठीक हाये. पुन्हा नाही."

"आप्पा, रोज केल्याशिवाय कळणार नाही."

"मुकं जनावर हाये. बोलता येत नाही त्याले."

मला तेव्हा आप्पा देवासारखे वाटले. दादा धुमसला, पण बापाला उलटून बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

व्रण भरले. दोन्ही सशांचे भरले. दादा परोपरीने सांगत होता, की दुसऱ्याचा पाल्याविनाही भरला, कारण पुन्हा पोळला नाही. आप्पांनी पाल्याचा ससा काखेत मारला आणि त्याचा ओठ उलटून दारात आलेल्या विणकरांना दाखवला. "हातच्या कांकणाले आरसा कायले? पाल्यानं भरते म्हंजे भरते." मग हौदाशी गेले आणि बोट बुडवून जिभेला लावलं. पूर्वी चाखताना निदान कपाळाला आठी पडायची, आता तीही गेली. मला अजून राग येतो, पण तो काढू कोणावर? त्यांनी दया केली होती.

पुढे काही वर्षांनी जिभेच्या कडेचा एक व्रण भरेचना. मग तो कडक झाला. इंदूरला ऑपरेशन करून अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली. आवाज उरला, शब्द उरले नाहीत. ससे तोवर म्हातारे होऊन मेले होते.

दादा डॉक्टर झाला होता. रोज सकाळी तो आप्पांच्या तोंडातली जखम औषधाच्या कापसाने पुसायचा. ते औषध फार झोंबायचं. एका सकाळी कापूस ओठांशी आला आणि आप्पांनी त्याचं मनगट धरलं. घशातून नुसता आवाज आला.

दादा समजावत होता, "थोडंच राहिलंय, आप्पा."

मी दारात उभी होते. म्हटलं, "बस कर, दादा. बोलता येत नाही त्यांले."

दादाने कापूस खाली ठेवला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले, आणि त्याचं मनगट त्यांनी कितीतरी वेळ सोडलं नाही.