नाव नसलेल्या गोळ्या

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात," इंग्लंडातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट त्यांच्या हाती लागलाय. मी कळंबचा, पंचविशीतला, तिकडं शिकायला गेलेला. पायाच्या सुजेवर काहीतरी गोळी देतील म्हणून आलो होतो.

तिकडं मनात आलं की दवाखाना, असं चालत नाही. आधी जीपी, म्हणजे नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर. त्याची वेळ सकाळी फोनवर मागायची. नेमका तेव्हाच मी गोदामातल्या पार्टटाइम कामावर खोकी उचलत असायचो. सुट्टीत फोन लावावा, तर वेळा संपलेल्या. डोकंच फिरायचं.

कंबर दुखायला लागली तेव्हा आईला सांगितलं. घरात आम्ही दोघंच, वडील केव्हाच गेले. "आरं, येवढंच व्हय! आपल्या डॉक्टरकडनं गोळ्या धाडते की!" इंदापूरचा एकजण येणार होता, त्याच्याबरोबर कागदाच्या पुड्या आल्या. पुडीतल्या गोळीचं नाव आपल्याकडं कोण विचारतं? सकाळी एक, संध्याकाळी एक. कंबर दुखायची थांबली. आई कुणाकुणाबरोबर धाडत राहिली, मी गिळत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. मी आईला विचारलं, आईनं गावातल्या डॉक्टरला. उत्तर आलं, "नेहमीच्याच हायेत म्हंत्यात."

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, रक्तात साचला होता. किडन्या आधीपासून कमजोर असाव्यात, पुडीतल्या गोळ्या पेनकिलरच असणार, त्यांनी उरलंसुरलं संपवलं, असं त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, याबद्दल त्यांचे उपकारच मानतो.

शिक्षण सोडून परतलो. आता बारामतीत डायलिसिस, म्हणजे यंत्रात रक्त गाळून परत अंगात सोडतात. यानं बरं होत नाही, पुढच्या खेपेपर्यंत निभतं. बाहेर जाणाऱ्यांनो, पोचल्या पोचल्या जीपीकडं नाव नोंदवा. कामाला दांडी मारा, पण डॉक्टर गाठा. बिननावाची गोळी आईनं दिली तरी घेऊ नका.

गेल्या महिन्यात किडनी देण्यासाठी आईच्या तपासण्या झाल्या. तिला शुगर निघाली. "तुमची चालणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग सायेब," आई म्हणाली, "माझं दुसरं काय चालंल, ते तरी सांगा."

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "चल आई, घरी जाऊ."