सातव्या सापळ्याचे उघडे जबडे

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी युसुफ मुकादमने सहाव्या सापळ्याच्या जबड्यावर गोणपाटाची पट्टी गुंडाळून संपवली, सुतळीची गाठ मारली आणि कडेला सात खाचा पाडलेला सातवा हातात घेतला. थोडा वेळ तो मांडीवरच राहिला. मग पट्टी न बांधता त्याने तो बाजूला ठेवला आणि आठवा उचलला.

डिसेंबर १९६४. अजमानच्या खाडीकाठी, खजुराच्या झावळ्यांच्या शेडमध्ये युसुफ होड्यांचे खिळे, साखळ्या आणि नांगर घडवतो. दापोलीकडून आला त्याला अकरा वर्षं झाली. कोल्ह्यांचे लोखंडी सापळे तो फक्त थंडीत करतो, कारण कोल्ह्याचे केस तेव्हाच दाट असतात. कातडी शारजातला एक व्यापारी घेतो आणि कराचीला पाठवतो.

कोल्हे सगळ्यात जास्त आहेत ते गावापलीकडच्या राखीव रानात. चुना फासलेल्या दगडांनी त्याची हद्द आखलेली आहे. आत हरणं आहेत, त्यांच्यावर बंदूक चालवायची नाही. कोल्हे पाडसं खातात म्हणून दर थंडीत एकाच माणसाला सापळे लावायची परवानगी मिळते. सापळ्याच्या जबड्यांना गोणपाट हवं, म्हणजे चुकून हरीण अडकलं तर पाय शाबूत राहतो. हरणाचा पाय मोडला की परवानगी गेली.

या परवानगीसाठी युसुफने ऑगस्टमध्ये अर्ज केला. त्याचे वडील रत्नागिरीला जंगल खात्यात शिपाई होते. टाइप केलेला कागद, खाली सही, सोबत नक्कल, ही रीत त्याला घरातच कळलेली. दुबईत टायपिस्टकडून इंग्रजीत अर्ज करून घेतला, रानाच्या कारभाऱ्याकडे माणसाबरोबर पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसला. अजून बसला आहे.

नोव्हेंबरमध्ये परवानगी खैरुद्दीन परकारला मिळाली. हा त्याच्याच गावचा, पण तीन वर्षांनी मागून आलेला. त्याला सही येत नाही. सापळा कसा पुरायचा हे त्याला युसुफनेच शिकवलं. खैरुद्दीन तीन शुक्रवार कारभाऱ्याच्या खुल्या बैठकीत, मजलिसमध्ये, जाऊन बसला, कॉफी प्यायला आणि तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांसमोर तोंडाने मागितलं. तोंडानेच मिळालं.

"कॉफी पिऊन परमिशन!" युसुफ त्या दिवशी घरी म्हणाला. "आणि माझी ऍप्लिकेशन?"

"तुम्हीपण जा ना," त्याची बायको कुलसुम म्हणाली. "कॉफी कडू असते म्हणून जात नाही काय?"

तो गेला, पण मजलिसमध्ये नाही. रानाचा राखणदार सैफ याच्याकडे गेला आणि सांगून आला की खैरुद्दीनकडे कागद नाही. सैफला ते कळेना. शब्द चाळीस माणसांसमोर दिला होता, त्यात कागद कुठून आला? उलट त्यानेच विचारलं, "तू तेव्हा कुठे होतास?"

आणि सापळे तर युसुफलाच करायचे होते. अजमानमध्ये दुसरं कुणी करत नाही. दर पहाटे खैरुद्दीन आदल्या दिवशीचे सापळे पोत्यात परत आणायचा, "यल्ला, युसुफभाई!" म्हणत घाई करायचा, नवी पट्टी बांधलेले बारा मोजायचा आणि निघायचा. जबडे त्याने कधी तपासले नाहीत. त्या दिवशीही त्याने फक्त मोजले.

दुपारी साडेतीनला तो परत आला, खोक्यावर बसला आणि कुलसुमने शेडमागच्या घरातून आणून दिलेला चहा बशीत ओतला.

"सैफ भेटला," तो म्हणाला. "हसत होता. म्हणाला, तुझा कफीलच तुझी चुगली करतो."

युसुफच्या हातातली कानस थांबली. "कफील? कोण?"

"तूच. कारभाऱ्याने विचारलं, हरणाचा पाय मोडला तर जामीन कोण? मी म्हटलं, सापळे करतो तो. युसुफ मुकादम. चाळीस लोकांनी ऐकलं."

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू ऍप्लिकेशन मागितली असतीस."

कुलसुमला हसू फुटलं. युसुफ हसला नाही.

"आणि मोडला तर?"

"तर खलास. मी बाहेर, तूपण बाहेर. नंतर तुझं नाव तिथे कुणी ऐकून घेणार नाही. पण मोडेल कसा? सापळे तुझे आहेत." त्याने बशी तोंडाला लावली.

सूर्य मावळायला दीड तास होता. हरणं संध्याकाळी चरायला निघतात. युसुफला स्वतः जाता येत नव्हतं. दगडांच्या आत पाय टाकायची मुभा एकट्या खैरुद्दीनला.

"सातवा उघडा आहे," तो म्हणाला.

"काय उघडा?"

"जबडे. पट्टी नाही."

खैरुद्दीनने बशी खाली ठेवली. "विसरलास?"

युसुफने कानशीवरचा कीस फुंकला. "नाही."

 खैरुद्दीन उठला आणि निघाला. सुरुवातीला चालत होता, मशिदीपासून पुढे पळत सुटला. कुलसुमने अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतला. 

सूर्य मावळून मगरिबची अजान झाल्यावर थोड्याच वेळात खैरुद्दीन सातवा सापळा घेऊन आला. सापळा रिकामा होता. त्याने तो युसुफच्या पायाशी टाकला.

"सैफला सांगितलंस?" युसुफने विचारलं.

"काय सांगू? माझा जामीन कसा आहे ते?" खैरुद्दीनने कपाळ पुसलं. "शुक्रवारी मजलिसमध्ये ये. बस. पुढच्या थंडीला तू माग, मी आड येणार नाही."

"माझा अर्ज गेलेला आहे," युसुफ म्हणाला.

याला आता नऊ दिवस झाले. मधला शुक्रवार आला आणि गेला. युसुफ मजलिसमध्ये गेला नाही. अर्जाचं उत्तरही आलेलं नाही. खैरुद्दीनने आतापर्यंत पाच कोल्हे धरले. सापळे रोज त्याच्याच शेडमध्ये परत येतात, हा आकडा युसुफला कुणाला विचारावा लागत नाही.

उद्या मंगळवार. नऊ दिवस येतो तसा साडेपाचला खैरुद्दीन शेडमध्ये येईल, खोक्यावर बसेल आणि बारा सापळ्यांचे चोवीस जबडे युसुफच्या समोर एकेक करून बोटाने चाचपेल. सुरुवात सातव्यापासून.