बाईची पट्टी

किन्हवलीकडच्या आमच्या गावात वडील भजनी मंडळाचे बुवा होते. भात झोडून हात सोलवटलेले असायचे, पण पेटीवर तेच हात हलके फिरायचे. ते शेतावर गेले की मी गुपचूप पेटी उघडायची. एकदा त्यांनी दारातून ऐकलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला शिकवायला लागले. मंडळात मात्र कधी बसवलं नाही. मुलीनं देवळात पुढं बसून गायचं, हे त्यांच्याही मनात कधी आलं नसावं.

लग्न होऊन मुरबाडच्या बाजूला आले. इथंही मंडळ पुरुषांचंच. गावात मयत झालं की हीच माणसं पखवाज-टाळ घेऊन गात गात नदीपर्यंत पुढं चालायची. बाया वेशीवरून मागं फिरायच्या.

आमच्या शेजारी एक म्हातारी होती, गावाची सुईण. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातावर झाली. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा दुपारची भांडी आटोपली की मी तिच्या उशाशी बसून अभंग म्हणायची. एक दिवस तिनं आपल्या मुलाला जवळ बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "मला नेशील तवा हिनं गायाचं. बापे टाळ वाजवतील." आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही, मुलाकडून शब्द घेतलाच.

पुढच्या महिन्यात, सोमवारी सकाळी ती गेली. मुलानं आईची इच्छा मंडळाच्या बुवांना सांगितली. ते म्हणाले, बाई मसणात येत नाय, आणि बाईची पट्टी वरची, आमच्या गळ्यांना ती जमायची नाय. मुलानं वाद घातला नाही. आईला शब्द दिलाय, ती गाणार नसेल तर टाळही नकोत, एवढंच म्हणाला. मी ओट्यावर उभी होते. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "पदर खोच गो, आन चाल. तुझी पोरं तिनंच काढली ना?"

मी पुढं झाले.

पहिला अभंग त्यांच्या खालच्या पट्टीत घेतला. आवाज घशातच घोळत राहिला. मागचे टाळकरी अर्धवट म्हणत होते, एक-दोघं तर गप्पच. वाटलं, म्हातारीची शेवटची इच्छा मीच वाया घालवतेय.

अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली टेकवली. आमचे पखवाजवाले सत्तरीचे, मंडळात सगळ्यात कडक. मला सगळ्यात धाक त्यांचाच. ते ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले, सदऱ्याच्या खिशातून लहानशी हातोडी काढली आणि पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकायला लागले. एक ठोक, मग थाप मारून बघायचं, परत ठोक. बुवांनी विचारलं, हे काय चाललंय? ते मान वर न करता म्हणाले, "तिची पट्टी लावतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मोकळी गा, पोरी."

तिरडी उचलली आणि मी माझ्या पट्टीत सूर लावला. तो भाताच्या खाचरांवरून पार नदीकडं गेला. मागचे पुरुष आपोआप खालच्या सप्तकात आले, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की माझ्याच अंगावर काटा आला. वेशीवर बाया थांबल्या होत्या, पण एकही मागं फिरली नाही, तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या. चिता पेटेपर्यंत मी गात होते. रडू आलं ते घरी आल्यावर.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बुवा स्वतः आमच्या दारात आले. दशक्रियेला गाशील का, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला नाही, मला विचारलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. शहापूर, सापगाव, पार टोकावड्यापर्यंत बोलावणी येतात, पुढं बसून मीच गाते. मंडळात आणखी दोन सुना टाळ धरतात. गेल्या माघात सापगावच्या उत्सवाचा बॅनर छापायचा होता. फोनवरचा माणूस अडखळत म्हणाला, ताई, तुमच्या नावापुढं काय लावू, बुवा लावतात ते पुरुषांना. मी भाकरी थापत होते. म्हटलं, "बुवाच लाव. बुवाच्याच जागी बसून गाते मी."

त्यानं तसंच छापलं, चांगल्या मोठ्या अक्षरात.