मामांची बिनआवाजाची बोली

कापडाच्या कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून मागखात्यातली माणसं आवाज न काढता, तोंड मोठं करून बोलायची आणि समोरचा ओठ वाचायचा. आमचे मामा-मामी दोघंही त्याच खात्यातले. एरवी मामी त्यांना अहो-जाहो करायची, पण या बोलीत सरळ अरे-तुरे. घरी भांडणंही याच बोलीत. शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुण्यागोविंदाने नांदतात!

एक नियम मात्र सगळे पाळायचे. ही बोली फक्त आपल्या माणसाशी. साहेब समोर आला, की सगळ्यांना कंठ फुटायचा.

सुपरवायझरच्या नाकावर टिच्चून मामांनी याच बोलीत अख्खा संप ठरवला आणि ते युनियनचे पुढारी झाले. पुढे आमदार, मग कामगारमंत्री. माणूस वाईट नव्हता, पैसाही खाल्ला नाही. पण मालकांबरोबर बसून बसून त्यांना मालकांच्या अडचणी जरा जास्तच कळायला लागल्या. मामीने माग सोडला नाही. "मंत्री तुम्ही झालात, मी नाही," म्हणायची.

मग त्याच कारखान्यात संप झाला आणि मामा फाटकावर समजूत घालायला आले. मंचावर त्यांच्या शेजारी मालक, समोर सगळं मागखातं, पुढच्या रांगेत मामी आणि तिला चिकटून मी. घोषणांनी कान किटले होते. मालकांनी वाकून काहीतरी विचारलं. मामा काही बोलले, पण त्या गोंगाटात मालकांना ऐकू जाईना. तेव्हा मामांनी जुन्या सवयीने तोंड मोठं करून एकेक शब्द सुटा केला: "थोडे दिवस कळ काढा. पोटाला चिमटा बसला, की येतील झक मारत."

मालकांना काही कळलं नाही. समोरच्या सगळ्यांना कळलं.

घोषणा पुढून मागे थांबत गेल्या. मामांनी समोर पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. मला त्यांचा राग अजून येतो, पण तो चेहरा आठवला की कीवही येते. ज्या म्हाताऱ्याने त्यांना माग चालवायला शिकवलं होतं, तो पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, निघा तुम्ही आता."

संप कामगार जिंकले, निवडणूक मामा हरले. घरी बसल्यावरही त्यांना कुणी वाईट वागवलं नाही. "काय साहेब, बरं आहे ना?" रस्त्यात सगळे विचारायचे, पण आवाजात. मामीसुद्धा. "अहो, अजून वाढू का?" ती मोठ्यांदा म्हणायची. शेजाऱ्यांना त्याचंही कौतुक!

मामा एकदा मला म्हणाले, "शिव्या दे म्हणावं तिला. पण आवाज न काढता दे."

मी निरोप दिला नाही. असल्या गोष्टी सांगून होतात थोड्याच?

बरीच वर्षं गेली. एका दुपारी मामा अंगणातला नळ उघडा ठेवून पेपर वाचत बसले होते. बादली भरून पाणी पायरीपर्यंत आलं. मामी दारात आली तसं मामांनी पेपरातून डोकं वर काढलं. तिने कपाळाला हात लावला आणि तोंड मोठं करून, अजिबात आवाज न काढता म्हणाली, "अरे, नळ कोण बंद करणार? तुझा मालक?"

मामा उठले ते नळापर्यंत पोचलेच नाहीत. पायरीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मामी त्यांच्याशेजारी बसली आणि तशीच, आवाज न काढता, त्यांना बोल बोल बोलली. नळ शेवटी मीच बंद केला.