सूर्यफूल कुठे बघतं

खरं सांगते, अजूनही छोटं पिवळं फूल दिसलं की आधी ती दुपार आठवते, मग नाव.

कोलोरॅडोत माझ्या पीएचडीचा पहिलाच समर. डोंगरावर झाडं जिथे संपतात त्याच्याही वर, नुसता सपाट माळ, दगड आणि वीतभर उंचीची फुलं. ती ओळखायची, हे माझं काम. सोबत नागपूरची रूममेट, आयटीवाली, रविवार म्हणून आलेली. दुपारी तीनला ढगच खाली उतरला. दहा फुटांपलीकडे काही दिसेना, वर गडगडाट, आणि त्या माळावर सगळ्यात उंच आम्ही दोघी.

माझा फोन फोटो काढून काढून बंद पडलेला, तिचा गाडीत चार्जिंगला. गाडी पूर्वेला, पश्चिमेला सरळ कडा. पण पूर्व कुठे, तेच कळेना.

"ही बघ तुझी सूर्यफुलं," ती म्हणाली. सकाळी मीच तिला 'अल्पाइन सनफ्लॉवर' म्हणून दाखवली होती. "सगळी एकाच बाजूला बघून राहिली. सूर्याकडे. दुपार झाली, म्हणजे तिकडे पश्चिम. चल, उलटं जाऊ."

आणि मी निघाले पण! दहा पावलं गेले असेन. मग जागीच थांबले. सूर्यफूल हे नाव आपण दिलं. हे फूल सूर्यामागे फिरतच नाही, कायम पूर्वेकडे बघतं, असं आमचे सर सांगायचे. म्हणजे आम्ही सरळ कड्याकडे निघालो होतो. पण हे फूल तेच असेल, तरच. तिथे पिवळी फुलं काय एकच होती?

मी गुडघ्यांवर बसले.

"अबे, वीज पडून राहिली यार, आणि तू फूल काय बघते?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

देठ चाचपलं. पांढरी लव, लोकरीसारखी. पानं बारीक, चिरलेली. पाकळीच्या टोकाला तीन दाते असायला हवेत. घाईत मोजताना दोनदा चुकले. मानेवरचे केस उभे राहिले होते, ते भीतीने की विजेने, काय माहीत.

"तेच आहे. फूल बघतंय तिकडेच जायचं."

"शुअर?"

"हो."

अर्ध्या तासाने पहिली खुरटी झाडं दिसली, मग रस्ता. गाडीत तिला सीटबेल्ट लावता येईना, मी लावून दिला.

"शुअर नव्हती ना तू?"

"सत्तर टक्के होते," मी म्हटलं. खरं तर साठ.