फौजदाराची मुलगी

बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यात मी स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होते. आमच्या प्रयोगशाळेत उत्तर इराकमधला एक कुर्द विद्यार्थी होता. सुट्टीत तो नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात राबायचा. एरवी भेटेल त्या जर्मनाला सांगत सुटायचा, की आम्ही अरब नाही, कुर्द आहोत, आमची भाषा वेगळी आहे, आम्हाला आमचं राज्य हवंय. जर्मन लोक "आख झो", म्हणजे "असं होय", म्हणत कॉफी ढवळायचे.

एका रविवारी त्यानं मला त्यांच्या बैठकीला नेलं. वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, तळघरातली खोली, चहाचं मोठं भांडं आणि दाटीवाटीनं बसलेली कुर्द मुलं. "यांच्या लोकांनी इंग्रजांना घालवलं," त्यानं माझी ओळख करून दिली. सगळे उठून उभे राहिले. मला कुठं बघावं कळेना.

एकानं आदरानं विचारलं, "तुमच्या घरातलं कोण तुरुंगात गेलं होतं?"

माझे वडील फौजदार होते. बेचाळीस साली त्यांनी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना दोरीनं बांधून साताऱ्याच्या बाजारातून नेलं, तेव्हा मी दप्तर घेऊन कडेला उभी होते. मास्तर माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मी मान खाली घातली. आणि याच वडिलांनी पुढं सगळ्या नातलगांशी भांडून मला जर्मनीला पाठवलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "माझे वडील तुरुंगात टाकणाऱ्यांतले. इंग्रजांच्या पोलिसात होते."

मित्रानं ते कुर्दीत सांगितलं. कोपऱ्यातल्या एका थोराड माणसानं विचारलं, "आता त्यांना पेन्शन मिळते?"

"मिळते."

"स्वतंत्र सरकारकडून?"

"हो."

तो मोठ्यानं हसला. "ऐका रे! आपलं राज्य आलं, की आपल्याला मारणारेही आपलीच पेन्शन खाणार!" सगळेच हसले. माझ्या पेल्यात कुणीतरी पुन्हा चहा ओतला.

ट्रामनं परतताना बाबांची लाज वाटत होती. मग त्यांची लाज वाटली, याचीच लाज वाटू लागली. मला सायकल शिकवताना धापा टाकत मागं पळणारे बाबा तेच होते.

त्या बैठकांना मी नंतरही जात राहिले. त्यांची जर्मन निवेदनं तपासून द्यायचे. घरी मात्र "ओळखीच्यांकडे चहाला जाते" एवढंच कळवायचे. मी भारतात परतले, तेव्हाही त्यांना राज्य मिळालेलं नव्हतं. स्टेशनवर बाबा न्यायला आले होते. वाकून नमस्कार केला, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघणं काही जमलं नाही.